रोजचं वाचन लावताना चुकतं कुठे: आधी वेळ, मग प्रश्न, मग स्रोत आणि ॲप सगळ्यात शेवटी

तंत्रज्ञान, उद्योग, विज्ञान आणि संस्कृती या चार विषयांतलं रोज काहीतरी चांगलं वाचायचं, असं ठरवणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. पहिल्या दिवशी ॲप घेतलं जातं, दुसऱ्या दिवशी त्यात चाळीस संकेतस्थळं भरली जातात, आठवडाभरात न वाचलेल्या लेखांचा आकडा हजारावर जातो आणि पंधराव्या दिवशी ते ॲप उघडायलाच नको वाटतं. मग ‘मला वाचनाची शिस्तच नाही’ असं माणूस स्वतःला सांगून मोकळा होतो. शिस्तीचा इथे फारसा संबंध नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

दुसरी चूक याहून खोल आहे. काय वाचायचं ते निवडणं आणि प्रत्यक्ष वाचणं ही दोन कामं आपण एकाच बैठकीत उरकायला जातो. फोडणी टाकून मग मेथीची जुडी निवडायला बसलं, तर फोडणी करपणारच. वाचनात नेमकं हेच होतं: एक लेख उघडायचा, दोन परिच्छेदांनंतर ‘दुसरा याहून बरा असेल’ म्हणून तो सोडायचा, आणि अर्धा तास संपतो तेव्हा पूर्ण वाचलेलं काहीच हातात नसतं.

खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिल्या तीन टप्प्यांना फोनची गरजही नाही. वही आणि पेन पुरे.

## तयारी: सात दिवसांची नोंद

नवीन काहीही सुरू करण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज काय वाचलं, ते तुमच्यापर्यंत कुठून आलं (व्हॉट्सॲप, फेसबुक, गुगलने सुचवलेलं, वर्तमानपत्र) आणि त्यातलं आत्ता काय आठवतंय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, पुन्हा लेख उघडून भरू नका.

सातव्या दिवशी वही पाहा. जे आठवलं ते कुठून आलं होतं, हे दिसेल. बहुतेकांच्या वहीत आठवलेल्या गोष्टी दोन-तीनच ठिकाणांहून आलेल्या असतात. ती ठिकाणं अधोरेखित करून ठेवा, तिसऱ्या टप्प्यात लागतील.

सावधान: हा आठवडा वगळू नका. नोंद नसेल तर पुढची निवड ‘हे वाचलं पाहिजे’ या दडपणाखाली होते, आणि दडपणाखाली निवडलेलं कुणी महिनाभरही वाचत नाही.

## टप्पा १: वेळ मोजा, मग लेखांची संख्या ठरवा

‘वेळ मिळेल तेव्हा वाचू’ म्हणालात, तर तो वेळ मिळत नाही. दिवसातली एक ठरावीक जागा शोधा. सकाळचा चहा, लोकलमधला प्रवास, जेवणानंतरचा अर्धा तास, काहीही चालेल. पण जागा दोन हव्यात. एक दहा मिनिटांची, निवडण्यासाठी. दुसरी अर्ध्या तासाची, वाचण्यासाठी. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर असावं. रात्री निवडलं आणि सकाळी वाचलं, ही विभागणी मला सर्वांत टिकाऊ वाटते.

आता स्वतःचा वेग मोजा. ज्याची शब्दसंख्या माहीत आहे असा एक गंभीर लेख घ्या आणि घड्याळ लावून दहा मिनिटं वाचा. समजा दहा मिनिटांत तुम्ही १५०० शब्द वाचलेत. मग २५०० शब्दांच्या लेखाला सतरा मिनिटं लागणार. अर्ध्या तासात एक मोठा लेख, दोन छोटे आणि टिपणाला थोडा वेळ, इतकंच बसतं. मराठीतला आणि इंग्रजीतला वेग वेगवेगळा मोजा. इंग्रजीत वेग निम्मा असला तरी हरकत नाही, पण हिशेब त्या निम्म्या वेगाने करा.

म्हणजे दिवसाला तीन लेख. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्याच्या आत बसवायचे आहेत.

## टप्पा २: विषय लिहू नका, प्रश्न लिहा

सगळी मांडणी इथे घडते किंवा बिघडते, म्हणून थोडं थांबून करा.

‘विज्ञान’ हा विषय आहे. त्यावर रोज शेकडो लेख निघतात आणि प्रत्येक लेख तुमच्या कामाचा वाटू शकतो. प्रश्न मात्र गाळणीसारखा चालतो. चारही क्षेत्रांसाठी प्रत्येकी एक प्रश्न लिहा. तो तुमच्या आयुष्याला कुठेतरी चिकटलेला असावा. नमुन्यादाखल चार देतो.

तंत्रज्ञान: युपीआयने पैसे दिले तर दुकानदाराला शुल्क लागत नाही, मग ही यंत्रणा चालवायचा खर्च कोण उचलतं?

उद्योग: सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाखाली का जातो?

विज्ञान: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा नेमकं काय मोजणार?

संस्कृती: बारा मराठा किल्ले जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यानंतर त्यांच्या जपणुकीत प्रत्यक्षात काय बदलतं?

प्रश्न हातात असला की विखुरलेल्या बातम्या एकमेकींना कशा जोडल्या जातात, ते सोयाबीनवरून पाहा. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. दरम्यान हमीभाव २०२४-२५च्या ४८९२ रुपयांवरून २०२५-२६साठी ५३२८ रुपये क्विंटल झाला. या तीन बातम्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर येतात. प्रश्न नसलेला वाचक तिन्ही चाळतो आणि विसरतो. प्रश्न असलेल्याला त्यांत एकच गोष्ट दिसते: हमीभाव वर चाललाय, आणि त्याच वर्षभरात बाहेरून येणारं तेल आधी महाग आणि मग पुन्हा स्वस्त झालंय. मग सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीच्या निर्यातीचं काय, हा पुढचा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. वाचनाची गोडी लागते ती या क्षणी.

तपासा: तुमचा प्रश्न एका ओळीत मावतो का? त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत तर नाही ना? दोन महिन्यांनीही तो तुम्हाला पडलेला असेल का? या तिन्हींत बसला नाही तर बदला.

## टप्पा ३: स्रोत बारापेक्षा जास्त नकोत

रोजचे तीन लेख वाचायला बारा स्रोत भरपूर होतात. एका क्षेत्राला तीन, आणि त्या तिघांचं काम वेगवेगळं:

१. मूळ कागद देणारा. निर्णय, आकडेवारी किंवा संशोधन जिथे पहिल्यांदा प्रसिद्ध होतं ती जागा.
२. समजावून सांगणारा. जाणकार संपादक असलेलं मासिक, साप्ताहिक किंवा संकेतस्थळ.
३. वेगळं मत मांडणारा. ज्याच्याशी तुम्ही बऱ्याचदा असहमत असता, पण जो पुराव्याने बोलतो.

लोक पहिला प्रकार अवघड म्हणून सोडून देतात. मला तो सगळ्यात जास्त फळ देणारा वाटतो, कारण एकदा मूळ कागद वाचला की त्यावरचे दहा लेख वाचायची गरज उरत नाही.

उद्योगासाठी मूळ कागद सहज मिळतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाहीचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. ते मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर कुणालाही मोफत पाहता येतात. रिझर्व्ह बँकेची व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि तिचं निवेदन त्याच दिवशी प्रसिद्ध होतं. शेतमालाचे रोजचे भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनुसार दिलेले असतात. केंद्राचे निर्णय पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर येतात, अनेकदा मराठीतही.

विज्ञानासाठी ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या नियतकालिकांचे बातमी-विभाग उपयोगी आहेत. गणित आणि भौतिकशास्त्रासाठी ‘क्वांटा’ मोफत आहे आणि त्यातले लेख घाईने लिहिलेले नसतात. मराठीत मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. वैद्यकीय संशोधनाचे सारांश ‘पबमेड’वर मोफत सापडतात. तुम्ही किंवा घरातलं कुणी सरकारी विद्यापीठात वा सरकारी महाविद्यालयात शिकत असेल, तर ग्रंथालयात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल जरूर विचारा. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं अशा संस्थांना खुली झाली आहेत. याची माहितीच नसलेले विद्यार्थी मला वारंवार भेटतात आणि वाईट वाटतं.

तंत्रज्ञानात बातमी आणि जाहिरात यांच्यातली रेघ सगळ्यात पुसट असते. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ किंवा ‘आर्स टेक्निका’सारखं, अभियांत्रिकी समजणाऱ्यांनी चालवलेलं एक ठिकाण ठेवा. कंपनीच्या स्वतःच्या तांत्रिक लेखांतून एखादी गोष्ट कशी बांधली हे शिकता येतं. ती चांगली आहे की नाही, याचा निवाडा मात्र तिथे मागू नका.

संस्कृतीला रोजची घाई नको. रविवारच्या ‘लोकरंग’ किंवा ‘सप्तरंग’सारख्या पुरवण्या, ‘साधना’सारखं साप्ताहिक, आठवड्याला दोन लेख, एवढं पुरतं. मूळ कागद इथेही असतात. जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्थळाच्या पानावर प्रस्ताव, तज्ज्ञ संस्थेचं मूल्यमापन आणि समितीचा ठराव ठेवलेला असतो. किल्ल्यांवरच्या आपल्या प्रश्नाचं उत्तर बातम्यांपेक्षा त्या कागदांत जास्त सापडेल.

सावधान: तयारीच्या आठवड्यात अधोरेखित केलेली ठिकाणं या बारांत आली पाहिजेत. ‘मोठी लोकं वाचतात’ म्हणून यादीत आलेलं नाव महिन्याभरात ओझं होतं.

## टप्पा ४: आता ॲप, आणि तेही एकच

या टप्प्याचा उद्देश एवढाच की बारा ठिकाणचं नवीन लेखन एका जागी यावं, म्हणजे तुम्हाला बारा दारं ठोठवावी लागणार नाहीत. त्यासाठी आरएसएस ही जुनी आणि भक्कम सोय आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची यादी एका ठरावीक स्वरूपात देतं (तिलाच फीड म्हणतात), आणि वाचक-ॲप ती उचलून आणतं. यादीत काय यायचं ते तुम्ही ठरवता, दुसऱ्या कुणाचं गणित ठरवत नाही.

१. एक वाचक-ॲप निवडा. ब्राउझरमध्ये चालणारी फीडली आणि इनोरीडर आहेत. ॲपलच्या यंत्रांवर नेटन्यूजवायर मोफत आहे, अँड्रॉइडवर फीडर मोफत आहे. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातही ही सोय आहे.
२. संकेतस्थळाचा पत्ता ॲपच्या शोधचौकटीत टाका. बहुतेक वेळा फीड आपोआप सापडते. नाही सापडली तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. वर्डप्रेस आणि सबस्टॅकवरच्या लेखनाला हे लागू पडतं.
३. क्षेत्रानुसार चारच फोल्डर करा. पाचवं ‘इतर’ नावाचं करू नका, सगळा केर तिथे साठतो.
४. ॲपच्या सूचना बंद करा. न वाचलेल्यांचा आकडा लपवता येत असेल तर तोही लपवा.
५. फक्त मथळे दिसतील अशी मांडणी ठेवा. चित्रं नकोत. चित्र निवडीवर परिणाम करतं.

ईमेलने येणारी न्यूजलेटर वेगळी हाताळा. जीमेलमध्ये आपल्या पत्त्यातल्या ॲट चिन्हाआधी अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो, मेल तुमच्याच खात्यात येते. न्यूजलेटरसाठी असा पत्ता द्या आणि त्या पत्त्यावर येणारं सगळं इनबॉक्स टाळून एका लेबलात जाईल असा फिल्टर लावा. बँकेच्या आणि ऑफिसच्या मेलच्या गर्दीत आलेला लेख कधीच नीट वाचला जात नाही.

एवढं झालं की लगेच यादी निर्यात करून ठेवा. बहुतेक वाचक-ॲप ‘ओपीएमएल’ नावाची छोटी फाइल देतात, ती स्वतःलाच मेल करा. ही काळजी पोकळ नाही. गुगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं. लेख साठवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं वापरलेलं पॉकेट ८ जुलै २०२५ला बंद झालं. ज्यांची यादी स्वतःपाशी होती त्यांचं काम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ॲपमध्ये सुरू झालं.

तपासा: तीन दिवस काहीही न वाचता फक्त यादी पाहा. रोज साठाहून जास्त मथळे येत असतील तर एखाद्या स्रोताची सगळी फीड घेतली गेली आहे. तिच्याऐवजी एखाद्याच विभागाची किंवा एखाद्याच लेखकाची फीड घ्या.

## टप्पा ५: निवडणं, दहा मिनिटं

या दहा मिनिटांत वाचायचं नाही. मथळा, लेखकाचं नाव, तारीख आणि पहिला परिच्छेद, यापुढे जायचं नाही. प्रत्येक लेखाला तीनच वाटा: उद्यासाठी, संग्रहासाठी किंवा बाद.

उद्यासाठी तीनच घ्या, एक मोठा आणि दोन छोटे. चौथा फारच आवडला तर तिघांतला एक काढा. ही अदलाबदल टाळू नका, त्यातूनच निवड धारदार होते.

निवडताना मी चार गोष्टी बघतो. तो माझ्या चार प्रश्नांपैकी एकाला तरी स्पर्श करतो का. पहिल्या परिच्छेदात एखादं ठिकाण, नाव, आकडा आहे का, की नुसतं ‘जग झपाट्याने बदलत आहे’ आहे. लेखकाने मूळ कागदाची लिंक दिली आहे का. आणि महिन्याभराने वाचला तरी त्याचा उपयोग राहील का. चारपैकी दोनांना ‘हो’ आलं तर पुढे न्यायचा.

आठवड्यातून दोन जागा मात्र मोकळ्या ठेवा. प्रश्नांशी काडीचाही संबंध नसलेला, केवळ ओढ वाटली म्हणून घेतलेला लेख तिथे बसवा. कोळ्यांच्या जाळ्यांवरचा असेल, जुन्या छापखान्यांवरचा असेल. पुढचे चांगले प्रश्न बहुधा याच जागांतून येतात, म्हणून यांना फालतू समजून कापू नका.

सावधान: व्हॉट्सॲपवर आलेली लिंक कितीही जवळच्या माणसाने पाठवलेली असली, तरी तिथल्या तिथे उघडू नका. ती याच रांगेत टाका. काकांना ‘उद्या वाचून सांगतो’ म्हटलं की ते रागावत नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी खरंच बोलणं होतं.

## टप्पा ६: वाचणं, अर्धा तास

मोठा लेख आधी. छोट्यांनी सुरुवात केली की डोकं हलक्या उड्यांना सरावतं आणि मोठ्यापाशी आल्यावर कंटाळतं.

ब्राउझरचं वाचन-दृश्य चालू करा, म्हणजे जाहिराती आणि बाजूचे मथळे नाहीसे होतात. मधल्या लिंका उघडायच्या नाहीत. महत्त्वाची वाटली तर वहीत एक शब्द लिहा आणि पुढे चला. न समजलेला पारिभाषिक शब्दही तसाच. वाचून झाल्यावर तो मराठी विश्वकोशात किंवा भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत बघा, दोन्ही ऑनलाइन आहेत. इंग्रजीतून वाचलेली संकल्पना मराठी शब्दात सापडली की ती जास्त घट्ट बसते, हा माझा पक्का अनुभव आहे.

लेख निम्म्यावर रटाळ निघाला तर सोडा. पण सोडताना त्याच्या जागी दुसरा शोधायला जाऊ नका, तुमच्या तिघांतला पुढचा घ्या.

## टप्पा ७: विश्वास ठेवण्याआधी पडताळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या हुशार वाचकांकडूनही होतात. प्रत्येक क्षेत्राचा फसवा कोपरा वेगळा आहे.

विज्ञान: पूर्वप्रत आणि प्रसिद्ध शोधनिबंध यांत गल्लत. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने ‘आर्काइव्ह’ या खुल्या भांडारात दोन पूर्वप्रती ठेवल्या. शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचं ‘एलके-९९’ हे संयुग साध्या दाबाला आणि १२७ अंश सेल्सियसपर्यंत अतिवाहक असतं, म्हणजे त्यातून वीज कसलाही रोध न होता वाहते, असा दावा होता. समाजमाध्यमांवर ‘शतकातला शोध’ गाजला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी ते तयार करून पाहिलं, अतिवाहकता दिसली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत खुलासाही आला: त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे विद्युतरोध एकदम घसरत होता. पूर्वप्रत म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा मसुदा. ती वाचायला हरकत नाही, पण टिपणात शेजारी ‘पूर्वप्रत’ असं लिहा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहण्याची तारीख टाका.

आरोग्य: ‘इतके टक्के वाढला’ म्हणजे कशाच्या किती? ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं, की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा सापेक्ष आहे. समजा एखाद्या गटात शंभरात पाच जणांना हा रोग होतो, तर १८ टक्के वाढीने ते सहाच्या जरा खाली जातात. शंभरात आणखी अठरा जणांना होतो, असा त्याचा अर्थ नाही. त्याच वेळी ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळेही झळकले, कारण कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या संस्थेच्या यादीत दोन्ही एकाच वर्गात होते. तो वर्ग पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. आरोग्यावरचा कोणताही लेख वाचताना आधी मूळ धोका शोधा. तो दिलाच नसेल तर टक्केवारी टिपून घेऊ नका. प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, हेही तिथेच बघा.

उद्योग: तुलना कशाशी? नफा ‘४० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे मागच्या तिमाहीपेक्षा की मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा? दिवाळीच्या तिमाहीची तुलना पावसाळ्याच्या तिमाहीशी केली तर बऱ्याच कंपन्या चमकतात. आकडा एकट्या कंपनीचा आहे की उपकंपन्यांसह एकत्रित? जमीन किंवा हिस्सा विकून आलेला एकदाचाच पैसा त्यात आहे का? टक्का आणि टक्केवारीतला अंक यांचाही घोळ होतो. फेब्रुवारी २०२५मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्के झाला. ही घट पाव टक्काबिंदूची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची. ‘दर पाव टक्क्याने घटला’ असं बोलताना चालतं, पण हिशेब करताना घट मूळ दराच्या सुमारे ३.८ टक्के भरते, हे विसरू नका.

तंत्रज्ञान: दाखवलं की दिलं? सादरीकरणात दिसलेली गोष्ट आज विकत मिळते का, की ‘लवकरच’ आहे? ‘पर्यंत’ हा शब्द शोधा. ‘दहापटीपर्यंत वेगवान’मध्ये दुप्पटही बसते. लेखाच्या वर किंवा तळाशी ‘प्रायोजित’, ‘भागीदारीत’ असं बारीक अक्षरात आहे का ते बघा. पैसे कुणाचे, हे धोरणांच्या बातम्यांतही विचारा. युपीआयच्या आपल्या प्रश्नाकडे या नजरेने पाहिलं तर दोन दुवे हाती लागतात: जानेवारी २०२०पासून व्यापाऱ्यांकडून शुल्क घेणं थांबलं, आणि मार्च २०२५मध्ये मंत्रिमंडळाने २०२४-२५साठी लहान रकमांच्या व्यवहारांवर १५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. म्हणजे खर्चाचा काही भाग करदाता उचलतो. उरलेला बँका आणि ॲप कंपन्या कशा भागवतात, ते शोधत पुढे जा.

संस्कृती: समीक्षा की प्रसिद्धी? पुस्तक, नाटक किंवा चित्रपट येण्याच्या आठवड्यातला लेख असेल तर लिहिणाऱ्याने एक तरी उणीव दाखवली आहे का ते पाहा. इतिहासावरच्या लेखात दाव्याला बखरीचा आधार आहे की समकालीन पत्राचा, हे लेखक सांगतो का? सांगत नसेल तर तो लेख ‘संग्रह’मध्येही ठेवू नका.

तपासा: प्रत्येक लेखापुरती पडताळणी तीन मिनिटांत आटोपा. मूळ कागदाची लिंक उघडा, मथळ्यातला आकडा त्यात शोधा, तारीख बघा. जुनी बातमी नव्याने फिरत असल्याचं अनेकदा एवढ्यावरच कळतं.

## टप्पा ८: तीन ओळींचं टिपण

लेख बंद करा आणि मग लिहा. समोर लेख ठेवून लिहिलं की उतरवणं होतं, टिपण होत नाही.

पहिली ओळ: यात नवीन काय कळलं. दुसरी: ते कशाच्या आधारावर सांगितलंय. तिसरी: माझ्या कोणत्या प्रश्नाशी जुळतं, किंवा कोणता नवीन प्रश्न पडला. सोबत तारीख आणि लेखाचा पत्ता. नमुना असा: ‘लायगो-इंडिया: प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. गुरुत्वीय लहर गेली की त्यांच्या लांबीत अतिसूक्ष्म फरक पडतो, तो लेझरने मोजतात. आधार: मूळ प्रकल्पाचं पान, मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल २०२३, सुमारे २६०० कोटी. प्रश्न: रस्त्यावरच्या ट्रकची थरथर वेगळी कशी काढतात?’

वही की फोन, याला महत्त्व नाही. एकच जागा असावी, याला आहे. फोनवर लिहीत असाल तर देवनागरीत युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे दोन वर्षांनी शोधल्यावर सापडेल. चित्र म्हणून साठवलेले स्क्रीनशॉट सापडत नाहीत.

## टप्पा ९: रविवारची छाटणी

पंधरा मिनिटं. आठवड्याची टिपणं वाचा आणि प्रत्येकापुढे स्रोताचं नाव लिहा. चार रविवार ज्या स्रोताचं एकही टिपण झालं नाही, तो काढा. त्याच्या जागी नवा लगेच घेऊ नका, आठवडाभर जागा रिकामी राहू द्या. उणीव जाणवली तरच भरा.

‘संग्रह’ही इथेच निस्तरा. महिन्याहून जुना आणि न उघडलेला लेख पुसून टाका. महत्त्वाचा असेल तर तो दुसऱ्या कुठल्या लेखातून पुन्हा तुमच्यासमोर येईल.

तीन महिन्यांनी चारही प्रश्न तपासा. एखाद्याचं उत्तर मिळालं असेल तर ते एका पानावर सविस्तर लिहा, घरात कुणाला तरी वाचून दाखवा आणि प्रश्न बदला. ऐकणाऱ्याने जिथे ‘म्हणजे काय?’ विचारलं, तिथे तुमचंही समजणं अजून कच्चं आहे. पुढचा प्रश्न तिथूनच घ्या.

## खंड पडला तर

पडणारच. घरात लग्न असतं, परीक्षा असतात, दवाखान्याच्या फेऱ्या असतात. परतल्यावर लोक साठलेलं सगळं वाचून काढायला बसतात, दोन दिवस झटतात आणि कायमचं सोडतात. तसं करू नका. ॲपमध्ये ‘सगळं वाचलं’ अशी खूण करण्याचं बटण असतं, ते दाबा. वहीतलं शेवटचं टिपण वाचा, रात्री दहा मिनिटं काढून तीनच लेख निवडा, आणि सकाळी मोठ्यापासून सुरुवात करा.